वीज, पाणी आणि गॅस पुरवणाऱ्या कंपनीने आपल्या ग्राहकवस्तीला आधार कसा द्यावा

पुरवठा कंपन्यांच्या वार्षिक अहवालात समाजोपयोगी कामांचे एक प्रकरण हमखास असते. शाळेला दिलेले बाक, वृक्षारोपण, आरोग्य शिबिर आणि धनादेश देतानाचे छायाचित्र यांनी ते भरलेले असते. ही कामे चांगलीच आहेत. परंतु जिची तार किंवा नळ घराघरांत पोहोचलेला आहे, त्या कंपनीकडून लोकांची पहिली अपेक्षा वेगळी असते. पुरवठा सुरळीत राहावा, तो बंद होणार असेल तर आधी कळावे, बिल भरणे अशक्य झाले तर कोणीतरी ऐकून घ्यावे आणि संकटात कंपनीचा माणूस दारात दिसावा, एवढीच ती अपेक्षा असते. ग्राहकाला दुसरी कंपनी निवडण्याची सोय बहुधा नसते, म्हणून ही जबाबदारी इतर व्यवसायांपेक्षा जड आहे. पुढील मार्गदर्शन मुख्यतः स्थानिक कार्यालयाच्या प्रमुखासाठी आहे. कारण धोरण मुख्यालयात ठरले, तरी वस्तीला कंपनी कळते ती या कार्यालयाच्या खिडकीवर आणि खांबाखाली उभ्या असलेल्या लाइनमनच्या बोलण्यातून.

पहिला फटका कोणाला बसतो, याची नोंदवही

सुरुवात एका नोंदवहीपासून करावी. आपल्या हद्दीत अशी कोणती घरे आहेत, जिथे पुरवठा बंद पडणे ही केवळ गैरसोय नसून जिवावरचा प्रसंग ठरू शकतो? ऑक्सिजन यंत्रावर किंवा घरगुती डायलिसिसवर अवलंबून असलेला रुग्ण, इन्सुलिन थंड ठेवावे लागणारे घर, एकटी राहणारी वृद्ध व्यक्ती, तान्हे बाळ असलेली आई, पायऱ्या उतरू न शकणारी आणि लिफ्टवाचून वरच्या मजल्यावर अडकणारी व्यक्ती, अशी घरे प्रत्येक वस्तीत असतात. ब्रिटनमध्ये वीज, गॅस आणि पाणी कंपन्या अशा ग्राहकांची ‘प्राधान्य सेवा नोंदवही’ ठेवतात. तिच्यात नाव असलेल्या ग्राहकाला नियोजित बंदची आगाऊ सूचना मिळते, मोठ्या अक्षरांतील बिल मागता येते आणि कंपनीचा माणूस खरा आहे की तोतया, हे ओळखण्यासाठी परवलीचा शब्दही ठरवून घेता येतो.

ही माहिती गोळा करण्यासाठी वेगळे सर्वेक्षण करण्याची घाई करू नये. मीटरचे रीडिंग घेणारा कर्मचारी ठरावीक काळाने दारापर्यंत जातोच, आणि जिथे मीटर दुरूनच वाचला जातो तिथे नवीन जोडणीचा अर्ज, बिलाची मागची बाजू आणि वस्तीतील आरोग्यसेविका ही साधने हाताशी असतात. अर्जात ‘घरात कोणी आजारी आहे काय?’ असा ढोबळ प्रश्न विचारल्यास लोक बिचकतात किंवा ‘नाही’ लिहून मोकळे होतात. त्याऐवजी ‘विजेवर चालणारे वैद्यकीय यंत्र घरात आहे काय? वीज गेल्यावर ते बॅटरीवर किती तास चालते? त्यानंतरची काय सोय आहे?’ असे तीन प्रश्न विचारावेत. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातूनच दुरुस्तीची निकड ठरते. बॅटरी दोन तास टिकणारे घर आणि आठ तास टिकणारे घर एकाच फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या एकाच वीजवाहिनीवर असतील, तर नियंत्रण कक्षाला ते आकडे समोर दिसायला हवेत. नोंदी कपाटातील फाइलमध्ये न ठेवता फीडरनिहाय आणि झडपनिहाय लावाव्यात. रात्री दोन वाजता ड्यूटीवर असलेल्या माणसाला मालमत्ता क्रमांक शोधत बसणे शक्य नसते. माहिती आरोग्याविषयीची असल्यामुळे ग्राहकाची लेखी संमती घ्यावी, ती किती जणांना दिसेल यावर मर्यादा ठेवावी आणि वर्षातून एकदा प्रत्येक घराशी बोलून ती ताजी करावी.

या नोंदवहीवर इतका भर देण्यामागे कारण आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने पोर्तो रिको बेटावरील वीजजाळे उद्ध्वस्त केले आणि सर्व घरांत वीज परत यायला सुमारे ११ महिने लागले. वादळानंतरच्या सहा महिन्यांत नेहमीपेक्षा अंदाजे २,९७५ अधिक मृत्यू झाल्याचे नंतरच्या अभ्यासात मांडले गेले. वाऱ्याने आणि पुराने प्रत्यक्ष घेतलेले बळी त्या तुलनेत थोडे होते. लांबलेला अंधार, बंद यंत्रे आणि न मिळालेले उपचार यांनी उरलेली हानी केली. अशी हानी टप्प्याटप्प्याने होत असते आणि वेळेत पोहोचलेला एक माणूस किंवा एक जनित्र ती अडवू शकते, पण त्यासाठी कोणत्या दारात पोहोचायचे हे आधी ठाऊक असावे लागते.

सरासरीच्या आड दडलेली वस्ती

वीज कंपन्या सेवेची गुणवत्ता दोन सरासरी आकड्यांत मोजतात : वर्षभरात दर ग्राहकामागे वीज किती वेळा गेली आणि एकूण किती मिनिटे गेली. हे आकडे मुख्यालयाला उपयोगी असले, तरी स्थानिक अधिकाऱ्याने त्यांवर समाधान मानू नये. एकूण सरासरी उत्तम असतानाही टोकाच्या एका रोहित्रावरची (ट्रान्सफॉर्मरवरची) साठ घरे दर आठवड्याला अंधारात बसत असतील, तर ती साठ घरे लाखभर ग्राहकांच्या सरासरीत विरघळून जातात. शिवाय प्रचलित आंतरराष्ट्रीय पद्धतीत पाच मिनिटांपर्यंतचा खंड या आकड्यांत धरलाच जात नाही. दिवसातून चार वेळा दोन-दोन मिनिटे वीज जाणाऱ्या दुकानदाराच्या किंवा शिलाईयंत्रावर पोट भरणाऱ्या बाईच्या दृष्टीने तो खंड पुरेसा खरा असतो.

म्हणून दरमहा सर्वात वाईट सेवा मिळालेल्या दहा रोहित्रांची यादी काढावी, आणि पाणीपुरवठ्यात जलवाहिनीच्या शेवटच्या टोकावरील दाब प्रत्यक्ष नळावर जाऊन मोजावा. तीच ती नावे तीन महिने यादीत राहिली, तर त्या वस्तीत एक बैठक घेऊन कारण, उपाय आणि तारीख सांगावी. पुढील वर्षाच्या भांडवली कामांत या यादीला पहिला हक्क द्यावा, असे माझे ठाम मत आहे. जिथून तक्रारी मोठ्या आवाजात येतात तिथे कामे आधी होतात आणि जिथली माणसे तक्रार करून थकलेली असतात तिथली शांतता समाधान समजली जाते, हे अनेक कार्यालयांत घडताना मी पाहिले आहे.

बंदची सूचना कशी लिहावी

‘तांत्रिक कारणास्तव पुरवठा काही काळ बंद राहील. ग्राहकांनी सहकार्य करावे.’ अशी सूचना वाचून कोणालाही काहीही ठरवता येत नाही. तीच सूचना अशी लिहावी : ‘गुरुवारी सकाळी १० ते दुपारी २ या वेळेत जलकुंभाच्या मुख्य झडपेची दुरुस्ती आहे. या वेळेत पाणी येणार नाही. सायंकाळी ५ नंतर नेहमीच्या दाबाने पाणी येईल. सुरुवातीला येणारे पाणी गढूळ असल्यास ते स्वच्छ होईपर्यंत नळ सोडून द्यावा आणि मगच भरावे. काम लांबल्यास दुपारी १ वाजता पुन्हा कळवू.’ शेवटचे वाक्य विसरू नये. काम लांबणार हे अभियंत्याला बहुधा दुपारी बारालाच कळलेले असते, आणि ते दोनच्या आधी सांगितले तर लोकांचा राग निम्मा होतो.

सूचना मोबाइलवर पाठवून काम संपत नाही. मोबाइल नसलेल्या घरांसाठी इमारतीच्या दारावर कागद लावावा, ऐकू न येणाऱ्यांसाठी लेखी आणि न वाचता येणाऱ्यांसाठी ध्वनिक्षेपकावरून किंवा घरी जाऊन सांगावे, आणि वस्तीत दुसरी भाषा बोलणारी कुटुंबे असतील तर त्यांच्या भाषेतही लिहावे. पाणी दूषित झाल्याचा संशय असेल, तर सूचनेत कृती नेमकी असावी : पाणी खळखळून उकळू लागल्यावर किमान १ मिनिट उकळत ठेवावे, समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटरपेक्षा उंच ठिकाणी ३ मिनिटे. पिण्यासाठी, दात घासण्यासाठी आणि बाळाचे दूध तयार करण्यासाठी तेच वापरावे. नुसते ‘पाणी उकळून प्यावे’ एवढे छापल्यावर दात घासण्याचे पाणी कोणाच्याही लक्षात येत नाही.

थकबाकीदाराशी व्यवहार

आधाराची खरी परीक्षा येथे होते. थकलेल्या बिलामागे नोकरी गेलेली असते, घरात आजारपण असते, भाडेकरू बदललेला असतो किंवा बिलच चुकलेले असते. जाणूनबुजून न भरणारेही असतात, पण सर्वांना त्याच मापाने मोजले की प्रामाणिक माणूस सर्वात आधी चिरडला जातो. त्यामुळे पुरवठा तोडण्याचा आदेश निघण्याआधी पुढील तपासणी ठरलेली असावी. अचानक दुप्पट-तिप्पट बिल आले असेल तर मीटर तपासावा. पाण्याच्या बाबतीत घरातील सर्व नळ बंद करून मीटरचा काटा फिरतो का, ते ग्राहकासमोर पाहावे. काटा फिरत असेल तर गळती मीटरच्या पुढे, म्हणजे घराच्या बाजूला आहे, आणि बहुतेक वेळा ती शौचालयाच्या टाकीत किंवा जमिनीखालच्या जुन्या नळात सापडते. या पाच मिनिटांच्या तपासणीने कितीतरी भांडणे मिटतात.

बिल बरोबर ठरले, तर हप्त्यांविषयी बोलावे. हप्ता कंपनीने ठरवून ग्राहकाच्या माथी मारला की तो दुसऱ्या महिन्यातच चुकतो. खिडकीवर बसलेल्या कर्मचाऱ्याला मी एक सवय लावून घ्यायला सांगतो : आधी थकीत रकमेचा आकडा उच्चारू नये, समोरच्याला बसायला सांगावे आणि ‘चालू बिलाशिवाय महिन्याला आणखी किती भरणे तुम्हाला जमेल?’ असे विचारावे. एकदा एक बाई पदराच्या गाठीत नोटा बांधून आल्या होत्या. त्या नोटा त्यांनी आधीच मोजून आणल्या होत्या, चार घड्या घालून. संपूर्ण रक्कम भरा नाहीतर उद्या जोडणी तुटेल, एवढेच त्यांना आदल्या दिवशी दुसऱ्या खिडकीवर सांगितले गेले होते, आणि त्या पैसे परत घेऊन गेल्या होत्या. त्या दिवशी अंशतः भरणा स्वीकारून उरलेल्याचे नऊ हप्ते केले. ते त्यांनी सर्व फेडले. आदल्या दिवशी कंपनीने हातात आलेले पैसे नाकारले होते, आणि त्या कुटुंबाची रात्रीची झोपही घेतली होती.

सवलतीच्या योजना जगभर वेगवेगळ्या रीतीने आखल्या गेल्या आहेत आणि त्यांतून शिकण्यासारखे आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या पाणी विभागाने जुलै २०१७ पासून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचे बिल वापराऐवजी उत्पन्नाच्या ठरावीक हिश्शाशी बांधले. दक्षिण आफ्रिकेने २००१ पासून दर कुटुंबाला महिन्याला पहिले ६,००० लिटर पाणी विनामूल्य देण्याचे धोरण स्वीकारले. कंबोडियाच्या नॉम पेन्ह शहराचे उदाहरण मला सर्वात बोलके वाटते. १९९३ मध्ये एक् सोन चान (‘एक्’ हे त्यांचे आडनाव) यांनी तेथील पाणीपुरवठा प्राधिकरणाची सूत्रे घेतली, तेव्हा सुमारे ७२ टक्के पाणी गळती, चोरी आणि चुकीच्या नोंदींत जात होते आणि नळाला दिवसातून जेमतेम १० तास पाणी येई. पुढे ही नासाडी सुमारे ६ टक्क्यांपर्यंत खाली आली आणि चोवीस तास पुरवठा सुरू झाला. त्याच काळात गरीब कुटुंबांना जोडणीच्या शुल्कात ३० ते १०० टक्के सूट मिळाली, उरलेली रक्कम हप्त्यांनी भरता आली. वसुलीत कडक असणे आणि गरिबाला सांभाळणे या गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, हे तेथे दिसते. बड्या थकबाकीदारांकडून आणि सरकारी कार्यालयांकडून वसुली झाली म्हणूनच सवलतीला पैसा उरला. आपल्याकडेही थकबाकीची यादी रकमेच्या उतरत्या क्रमाने लावून वसुली वरून सुरू करावी, खालून नव्हे.

पुरवठा तोडावाच लागला, तर तो सुट्टीच्या आदल्या दिवशी किंवा कार्यालय बंद होण्याच्या तोंडावर तोडू नये. पैसे घेऊन आलेल्या माणसाला बंद दार दिसता कामा नये. कडाक्याच्या थंडीत, उष्णतेच्या लाटेत आणि नोंदवहीतील घरांच्या बाबतीत तोडणी थांबवावी. प्रीपेड मीटरविषयी विशेष सावध राहावे, कारण पैसे संपले की पुरवठा आपोआप जातो आणि कंपनीच्या दप्तरी ‘तोडलेली जोडणी’ अशी नोंदही होत नाही. ब्रिटनमध्ये असे मीटर घरात जबरदस्तीने शिरून बसवले जात असल्याचे उघड झाल्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये ते काम थांबवावे लागले. आपल्या हद्दीत एखादे प्रीपेड खाते काही दिवस शून्यावर पडून असेल, तर ती धोक्याची घंटा समजून त्या घरी माणूस पाठवावा.

तक्रार हे मोजमाप आहे

अमेरिकेतील फ्लिंट शहरात एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलून नदीचे पाणी देण्यास सुरुवात झाली, पण जलवाहिन्या गंजू नयेत म्हणून करावयाची प्रक्रिया केली गेली नाही. पाण्याचा रंग, वास आणि अंगावर उठणारे चट्टे यांविषयी लोक महिनोन्‌महिने सांगत राहिले, बाटल्यांत पाणी भरून सभांना आणत राहिले, आणि पाणी सुरक्षित आहे असेच उत्तर मिळत राहिले. जुन्या नळांतील शिसे त्या पाण्यात उतरत होते. स्रोत पूर्ववत व्हायला ऑक्टोबर २०१५ उजाडला. प्रयोगशाळेचा अहवाल आणि नळावरचा अनुभव यांत तफावत आढळली, तर अनुभव खोटा ठरवण्याआधी नमुना त्याच नळाचा घ्यावा.

तक्रारींचा नकाशा तयार करावा. एकाच गल्लीतून आठवड्यात तीन तक्रारी आल्या, तर त्या तीन स्वतंत्र तक्रारी म्हणून बंद न करता एक दोष म्हणून तपासाव्यात. तक्रार ‘निकाली’ काढण्याचा अधिकार कर्मचाऱ्याकडे न ठेवता, ग्राहकाने फोनवर ‘होय, झाले’ म्हटल्यावरच ती बंद करावी. हा एक बदल केल्यास सुरुवातीचे दोन महिने आकडे वाईट दिसतील आणि वरिष्ठांना ते आधीच सांगून ठेवावे.

धोक्याची ओळख करून देणे

शाळेत बाक देण्याआधी शाळेत एक तास द्यावा, कारण कंपनीजवळ जे ज्ञान आहे ते इतर कोणाजवळ नाही. जमिनीवर पडलेली तार मृत दिसली तरी जिवंत समजावी आणि किमान १० मीटर दूर राहावे. जवळ सापडल्यास पावले जमिनीला घासत, जोडून, छोटी टाकत मागे सरकावे, कारण मोठ्या पावलात दोन पायांमधील व्होल्टेजचा फरक शरीरातून प्रवाह नेतो. हे मुलांना चालून दाखवले की ती घरी जाऊन सर्वांना चालून दाखवतात. घरगुती जनित्र कधीही भिंतीतल्या सॉकेटमध्ये जोडू नये. ती वीज उलटी तारेत शिरते आणि दुरुस्तीला चढलेल्या लाइनमनचा जीव जातो. ते घरात किंवा बंद खोलीतही चालवू नये, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

नैसर्गिक वायूलाही स्वतःचा वास नसतो. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधील न्यू लंडन येथील शाळेत साठलेल्या वायूचा स्फोट होऊन सुमारे ३०० जण, बहुतेक मुले, दगावली. कोणालाही गळतीचा सुगावा लागला नव्हता. त्यानंतर वायूत उग्र वासाचे द्रव्य मिसळणे बंधनकारक होत गेले. ही हकिकत सांगितली की वास आल्यावर काय करायचे, ते लोक मनावर घेतात : दिव्याचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांनी बाहेर पडावे आणि फोन बाहेर गेल्यावरच करावा.

मोठे संकट

पूर, वादळ किंवा मुख्य जलवाहिनी फुटण्याच्या प्रसंगी काय करायचे, ते शांत दिवशी कागदावर ठरवून ठेवावे. मदतकार्याच्या प्रचलित मानकांनुसार माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, एका तोटीमागे जास्तीत जास्त २५० माणसे, घरापासून ५०० मीटरच्या आत पाणी आणि रांगेत ३० मिनिटांहून कमी वेळ, असा हिशेब धरला जातो. आपल्या वस्तीची लोकसंख्या घेऊन टँकर किती लागतील, ते कुठे उभे राहतील आणि रांगेत उभे राहू न शकणाऱ्यांकडे पाणी कोण नेईल, हे याच हिशेबाने काढावे. वीज जाणार असेल तर मोबाइल चार्ज करण्याची, औषधे थंड ठेवण्याची आणि यंत्र चालवण्याची सोय असलेली एक जागा वस्तीजवळ उघडावी. न उघडलेला फ्रिज साधारण ४ तास थंड राहतो, ही छोटी माहितीही त्या वेळी मोलाची ठरते. पुरवठा सुरू करण्याचा क्रम रुग्णालय, पाण्याचे पंप आणि नोंदवहीतील घरे असा आधी जाहीर करावा; मग ऐनवेळी येणाऱ्या वशिल्याच्या फोनला उत्तर देणे सोपे जाते.

खोदकाम, रोजगार आणि देणगी

खोदलेला रस्ता पूर्ववत करणे हेही समाजकार्यच आहे. चर बुजवल्यावर पंधरा दिवसांनी माती खचते, म्हणून कंत्राटदाराचे शेवटचे देयक त्या दुसऱ्या पाहणीनंतरच मंजूर करावे. कामांवर वस्तीतील तरुण-तरुणींना शिकाऊ म्हणून घ्यावे, पण सुरक्षा प्रशिक्षण आणि साहित्य दिल्यावाचून कोणालाही खांबावर चढवू नये.

देणगीचा क्रम यानंतर येतो. तिचा खर्च दरात मिसळून ग्राहकांकडूनच वसूल करू नये, तो नफ्यातून करावा. काय हवे, ते लोकांना विचारून ठरवावे आणि शक्यतो कंपनीच्या कसबाशी जोडलेले काम निवडावे : दवाखान्याचे जुने वायरिंग बदलणे, शाळेच्या टाकीची गळती काढणे, गरीब घरांत कमी वीज खाणारे दिवे आणि पंखे बसवणे. दिलेल्या वस्तूची देखभाल पाच वर्षे कोण करील, हे ठरल्याशिवाय काहीही देऊ नये. बंद पडलेल्या जलशुद्धीकरण यंत्रावर कंपनीचे नाव वाचताना लोकांना काय वाटत असेल, याचा विचार करावा.

अधिकाऱ्याची बदली झाली की वरील बरेचसे काम विस्कटते, कारण ते एका माणसाच्या ओळखींवर उभे असते. म्हणून कार्यभार सोपवताना साठ्याच्या आणि हिशेबाच्या यादीबरोबर तीन कागद द्यावेत : प्राधान्य घरांची नोंदवही, दहा वाईट रोहित्रांची यादी आणि वस्त्यांना तारीख सांगून दिलेली, पण अजून पूर्ण न झालेली आश्वासने. नव्या अधिकाऱ्याने पहिल्याच आठवड्यात, जाणाऱ्या अधिकाऱ्याला किंवा तेथील जुन्या लाइनमनला सोबत घेऊन, नोंदवहीतील घरी पायी जावे आणि आपला क्रमांक यंत्राजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा.